नोटेवरची मुंबई आणि पाहुण्यांच्या पुस्तकातली मुंबई

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांचं नेटवर्क भाईंदरच्या खाडीवर नेमकं जातं, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना जी वाक्यं अर्धवट सोडली होती ती इथे पूर्ण केलीयत, आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय.

आधी एक काम करा. खिशात २० ची नोट आहे का बघा. यूपीआयमुळे बहुतेक नसेलच, पण आईच्या पर्समध्ये नक्की सापडेल. मागची बाजू बघा. वेरूळची लेणी दिसतील, ही नोट २०१९ मध्ये आली. बाजूला बारीक अक्षरांत भाषांची एक उभी पट्टी आहे. त्यात १५ भाषा आहेत, इंग्रजी नावांच्या अकारविल्हे क्रमाने. मराठी आठवी. वर सात, खाली सात, आपण बरोब्बर मध्ये. हे मला कळलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चार जणांना नोट उलटी करून दाखवली, आणि चौघांनीही "मग?" असं विचारलं.

तर "मग?" चं उत्तर. नोट म्हणजे सरकारने स्वतःच्या देशाबद्दल लिहिलेलं सगळ्यात छोटं पुस्तक असतं. एक चित्र, दोनचार ओळी, खाली सही. आणि खप कोट्यवधी. याच्या अगदी उलट टोकाला दुसरं पुस्तक असतं, बाहेरून आलेल्या कादंबरीकाराने लिहिलेलं प्रवासवर्णन. तो दोनचार महिने राहतो, तीनचारशे पानं लिहितो, आणि जगातल्या बऱ्याच लोकांना तुमचा देश त्या पानांतून कळतो. गंमत अशी की पूर्वी बरेचसे पाहुणे बोटीने यायचे आणि पहिल्यांदा मुंबईला उतरायचे. त्यामुळे 'भारत' नावाच्या कितीतरी पुस्तकांचं पहिलं प्रकरण म्हणजे आपली मुंबई. पाहुणा बोट लागल्यामुळे वैतागलेला असो, उकाड्याने हैराण असो की कस्टमवाल्यांवर चिडलेला असो, तो राग पहिल्यांदा आपल्यावर निघतो.

नोटेपासून सुरुवात करू. १८४० मध्ये बँक ऑफ बॉम्बे सुरू झाली. तेव्हा सरकार नोटा काढत नव्हतं, बँका काढायच्या. या बँकेच्या नोटांवर मुंबईचा टाउन हॉल होता, आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम हे दोन साहेब होते. दोघंही मुंबईचे माजी गव्हर्नर, इतकं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. पण मराठी माणसाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली तेव्हा एल्फिन्स्टन पुण्यात कंपनीचा रेसिडेंट होता. १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव ज्याच्यापुढे शरण आला, तो माल्कम. म्हणजे पेशवाई बुडवणारे दोन अधिकारी, आणि बावीस वर्षांनी स्थापन झालेल्या बँकेच्या नोटांवर तेच दोघं. वर हे दोघंही लेखक. एल्फिन्स्टनचं काबूलवरचं पुस्तक आणि माल्कमचा इराणचा इतिहास दोन्ही १८१५ चे. जिंकायचं, वर्णन करायचं आणि नोटेवर बसायचं, असं तीन-इन-वन पॅकेज.

त्यांचे पुतळे आजही टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहेत. भाईंदरहून चर्चगेटची लोकल पकडा आणि तिथून चालत हॉर्निमन सर्कल गाठा. त्या पांढऱ्या पायऱ्या तुम्ही शंभर रील्समध्ये पाहिल्यात. पुतळे आत आहेत.

१८६१ च्या कायद्याने नोटा काढायचा हक्क बँकांकडून सरकारकडे गेला. पहिल्या सरकारी नोटांवर व्हिक्टोरिया राणी होती. पण खोट्या नोटा निघायला लागल्या, म्हणून १८६७ पासून नवी मालिका आणावी लागली. नोटा छापून यायच्या इंग्लंडहून. थोडक्यात, देशाचं हे छोटं पुस्तकसुद्धा तेव्हा परदेशातच तयार होत होतं.

इथे एक तांत्रिक भाग आहे, आणि मला तो फार आवडतो. तेव्हाची नोट देशभर चालत नव्हती. देशाचे भाग पाडले होते, त्यांना 'सर्कल' म्हणायचे. मुंबई सर्कलच्या नोटेचे चांदीचे रुपये हक्काने मागायचे तर मुंबई सर्कलच्या कचेरीतच. कलकत्त्यात तुम्ही तो हक्क सांगू शकत नव्हता. कारण साधं होतं. नोट म्हणजे 'मागशील तेव्हा नाणी देऊ' असं वचन, आणि प्रत्येक गावी पेट्या भरभरून चांदी ठेवायची तर खर्च सरकारचा. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एकाच ठिकाणी होता. ५ ची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश सोडून ब्रिटिश हिंदुस्थानभर चालू झाली, १० आणि ५० ची १९१० मध्ये, १०० ची १९११ मध्ये.

आता पाहुणे. जानेवारी १८९६. वॉटसन्स हॉटेल, काळा घोडा. तीच ती बिडाच्या सांगाड्याची इमारत, आता एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. तिथे साठ वर्षांचे एक पांढऱ्या मिशांचे अमेरिकन गृहस्थ खोकत पडलेले आहेत आणि मुंबईच्या कावळ्यांनी त्यांचं डोकं उठवलंय. हे मार्क ट्वेन. (त्याच हॉटेलात सहा महिन्यांनी, ७ जुलैला, ल्यूमिए बंधूंच्या माणसांनी भारतातला पहिला सिनेमा दाखवला. ट्वेनचा तो शो हुकला.)

ट्वेन फिरायला आले नव्हते, कर्ज फेडायला आले होते. एका टाइप जुळवणाऱ्या यंत्रात त्यांनी पैसा ओतला होता, तो बुडाला. प्रकाशन कंपनी काढली होती, ती १८९४ मध्ये दिवाळखोर झाली. आजच्या भाषेत हार्डवेअर स्टार्टअपमध्ये बुडालेला गुंतवणूकदार. मग जगभर व्याख्यानं देत फिरायचं आणि देणी चुकवायची असं ठरलं. १८९८ पर्यंत त्यांनी खरंच सगळं फेडलं. मुंबईत नॉव्हेल्टी थिएटरमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. आणि योगायोग बघा, त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये, त्यांनी एक कथा लिहिली होती ती १० लाख पौंडांच्या एका नोटेची. ती नोट ज्याच्या हातात येते त्याला कुणीच सुट्टे देऊ शकत नाही, आणि केवळ ती जवळ आहे म्हणून सगळं लंडन त्याला उधार देतं. नोट ही वस्तू नाही, लोकांनी ठेवलेला विश्वास आहे, हे या माणसाला अर्थशास्त्रज्ञांच्या तोडीने कळलेलं होतं. तो आला तो नेमका रुपयाचा विश्वास डळमळलेला असताना. चांदीचे भाव जगभर कोसळत होते. १८७० च्या सुमारास एका रुपयाला साधारण २ शिलिंग मिळायचे, १८९४-९५ मध्ये १ शिलिंग १ पेनीच्या आसपास. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंदच केलं होतं.

१८९७ मध्ये ट्वेनचं 'फॉलोइंग द इक्वेटर' आलं. त्यात मुंबई आहे, रंग आहेत, नोकरांचे पगार आहेत, पारशांची दखमं आहेत. एका माणसाच्या डोळ्यांना आणि कानांना भुरळ पडलीय असं ते वर्णन आहे. रुपयाचं दुखणं त्यात फारसं नाही. पण ट्वेन मुंबईहून बडोद्याला गेले, सयाजीराव गायकवाडांपुढे कार्यक्रम करायला. म्हणजे बी.बी.सी.आय. रेल्वेने, म्हणजे आपल्या वेस्टर्न लाइनने, म्हणजे भाईंदरवरून. रात्रीची गाडी होती, पहाटे बडोदा. त्यामुळे आमची मिठागरं त्यांना दिसली नसणार. मीरा-भाईंदरचा जागतिक साहित्याशी संबंध जोडायची ही माझी एकमेव संधी होती, ती अंधाराने घालवली.

बडोद्यात ट्वेन हत्तीवर बसले, राजवाडा पाहिला. आता ज्या सयाजीरावांपुढे त्यांनी विनोद सांगितले, त्याच सयाजीरावांनी १९१३ मध्ये एका मुलाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. भीमराव रामजी आंबेडकर. परत येऊन १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर त्यांना अस्पृश्य म्हणून कुणी राहायला जागा देईना. शहर सोडावं लागलं. मग मुंबईत सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी, मग पुन्हा लंडन, आणि १९२३ मध्ये प्रबंध छापून आला: 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. ट्वेन ज्या वर्षांत आले त्याच वर्षांतला रुपया का घसरला, आणि तो घसरू नये म्हणून काय करावं, यावरचं पुस्तक. वादाला समोर जॉन मेनार्ड केन्स. केन्स म्हणत होता की भारतात चाललेली सोने-विनिमयाची पद्धत ठीक आहे. आंबेडकरांचं म्हणणं, रुपये किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडलं तर भाव वाढणार आणि भरडला जाणार गरीब. म्हणून नवे रुपये काढण्यालाच मर्यादा घाला.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण दरवर्षी एप्रिलमध्ये फॉरवर्ड येतो. बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, ती १९२५ च्या डिसेंबरात. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. हे खरं. 'पुस्तक बघून बँक बांधली' हे मात्र ताणलेलं आहे. त्यांचा मुख्य मुद्दा चलनाच्या मानकाचा होता, आणि तो आयोगाने जसाच्या तसा घेतला नाही. मला उलट हे जास्त मोठं वाटतं. तिशीतला माणूस, ज्याला बडोद्यात खोली मिळाली नाही, तो लंडनमध्ये केन्सला खोडून काढतो. त्याला फॉरवर्डची गरज नाही.

१९२५ मध्येच दुसरा पाहुणा बोटीने आला. ऑल्डस हक्सली, पुढे 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' लिहिणारा. त्याचं प्रवासाचं पुस्तक 'जेस्टिंग पायलट' १९२६ चं. त्याला मुंबईच्या इमारती भयानक वाटल्या, आणि पुढे आग्र्याचा ताजमहालसुद्धा पसंत पडला नाही. मला हक्सली वाचताना राग येत नाही, हसू येतं. हॉटेलच्या रिव्ह्यूला एक स्टार देणारा माणूस असतो ना, तसा.

तो आला तेव्हा गेटवे ऑफ इंडिया नवाकोरा होता, ४ डिसेंबर १९२४ ला उघडलेला. पंचम जॉर्ज १९११ मध्ये उतरला त्याची आठवण म्हणून बांधलेली कमान. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून गेली. आणि १९५४ मध्ये स्वतंत्र भारताने ५००० रुपयांची नोट काढली, तिच्यावर हाच गेटवे छापला. राजाच्या स्वागताची कमान, सहा वर्षांत आपल्या नोटेवर. कुणाला हे विसंगत वाटेल. मला वाटतं, आत येण्यासाठी बांधलेलं दार बाहेर काढायला वापरलं की ते आपलं होतं.

पण १९५४ मध्ये ५००० ची नोट म्हणजे काय? गिरणी कामगाराने ती आयुष्यात पाहिली नसेल. मुंबईचं नोटेवरचं सगळ्यात भव्य चित्र मुंबईच्या बहुतेक लोकांनी कधी पाहिलंच नाही. १६ जानेवारी १९७८ ला मोरारजी देसाईंच्या सरकारने १०००, ५००० आणि १०,००० च्या नोटा रद्द केल्या आणि ती गेली. (अशी नोटबंदी त्याआधी १९४६ मध्येही झाली होती. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आपले रायगडचे सी. डी. देशमुख, या पदावरचे पहिले भारतीय.)

एव्हाना छपाई इंग्लंडहून नाशिकला आली होती. १९२८ पासून नाशिकरोडला नोटा छापायला लागल्या, आणि १९३२ पर्यंत सगळ्या प्रकारच्या नोटा तिथेच. स्वातंत्र्यानंतर चित्रं बदलली. राजाच्या जागी गांधी घ्यायचे असं आधी ठरत होतं, शेवटी सारनाथचे सिंह आले. मागच्या बाजूला शिडाची होडी, हिराकूड धरण, पुढे आर्यभट्ट उपग्रह, ट्रॅक्टरवाला शेतकरी. १९६९ मध्ये गांधीजींच्या शताब्दीच्या नोटा आल्या, त्यांच्यामागे वर्ध्याचा सेवाग्राम आश्रम होता. माझी सगळ्यात आवडती म्हणजे ऐंशीच्या दशकातली १ रुपयाची नोट. तिच्यावर 'सागर सम्राट' आहे, तेलविहिरी खणणारं जहाज. मुंबईच्या किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये त्यानेच बॉम्बे हायचं तेल शोधलं. ५००० वरचा गेटवे कुणी पाहिला नाही, पण हे जहाज प्रत्येक पानवाल्याच्या गल्ल्यात होतं. नंतर आपण हळूहळू स्तूप, विहीर, मंदिर, लेणी याकडे वळलो. सुंदर आहेत सगळी. पण २००० वरचं मंगळयान सोडलं तर नव्या नोटांच्या मागे काम करणारी गोष्ट शोधावी लागते. मला हा बदल आवडलेला नाही.

आता सगळ्यात अवघड पाहुणा. व्ही. एस. नायपॉल. त्रिनिदादमध्ये जन्मलेला, आजोबा भारतातून गेलेले. १९६२ मध्ये तो बोटीने मुंबईला आला. दारूबंदीचे दिवस, कस्टममध्ये दोन बाटल्या जप्त, आणि त्या सोडवायला परमिटसाठी या कचेरीतून त्या कचेरीत. १९६४ च्या 'अॅन एरिया ऑफ डार्कनेस' ची सुरुवात इथून होते. पुढे घाण, उघड्यावर शौच, कारकुनी, जात, दिखाऊपणा. नोटेवर धरण आहे आणि पुस्तकात परमिटची रांग.

हे पुस्तक मी पहिल्यांदा अर्ध्यावर टाकलं होतं. मग परदेशातल्या एका सहकाऱ्याने मुंबईला यायच्या आधी विचारलं, कुठलं पुस्तक वाचून येऊ? आणि त्यानेच स्वतः यादीत नायपॉल टाकला. मला 'नको' म्हणायचं होतं. पण कुठल्या तोंडाने? ती परमिटची रांग आपण बघितलेली आहे. दाखल्यासाठी तीन खिडक्या मीही फिरलोय.

मग मला निस्सीम इझिकेल सापडले. मुंबईचे कवी, १९२४ चा जन्म, बेने इस्रायली, म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहिलेले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले आपले ज्यू. आई मराठी शाळा चालवायची. त्यांनी नायपॉलला उत्तर देणारा निबंध लिहिला, त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'नायपॉलचा भारत आणि माझा'. त्यांनी 'आमचा देश महान' असं काही केलं नाही. नायपॉलची बरीचशी टीका ते चक्क मान्य करतात. त्यांचा आक्षेप वेगळा आहे: हा माणूस ज्यांना भेटतो त्यांच्यावर चिडतो, पण त्यांचं पूर्ण आयुष्य समजून घ्यायला थांबत नाही. आणि मी इथला आहे, इथेच राहणार आहे, त्यामुळे मला असं चिडून निघून जाता येत नाही. मी सहकाऱ्याला दोन्ही पाठवले. त्याने निबंध आधी वाचला, कारण तो छोटा होता.

पण नायपॉल परत आला, पुन्हा पुन्हा आला. १९९० च्या 'इंडिया: अ मिलियन म्युटिनीज नाऊ' ची सुरुवातही मुंबईतच होते. या वेळी बाटल्या नाहीत. रस्त्याच्या कडेला त्याला माणसांची लांबच लांब रांग दिसते. कशाची, कळत नाही. मग समजतं की आंबेडकर जयंती आहे. या पुस्तकात तो बसून ऐकतो. नामदेव ढसाळांना भेटतो, मल्लिका अमर शेखांशी बोलतो, त्यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' बद्दल लिहितो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्याला फक्त रांगेचा ताप दिसला होता, त्याला आता रांगेतली माणसं दिसतात. इझिकेलनी जे मागितलं होतं, त्याच्या बरंच जवळ तो आला, असं मला वाटतं.

ती रांग ज्याच्यासाठी होती, त्या माणसाने रुपयावर प्रबंध लिहिला होता. १९९० मध्येच सरकारने त्यांच्या शताब्दीचं १ रुपयाचं नाणं काढलं, २०१५ मध्ये १० आणि १२५ रुपयांचीही. नोटेवर मात्र ते अजून नाहीत.

ज्यांना जुन्या नोटा प्रत्यक्ष बघायच्यात त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय फोर्टात आहे, पी. एम. रोडवर अमर बिल्डिंगमध्ये, टाउन हॉलपासून चालत जाण्यासारखं. ई. एम. फॉर्स्टर आणि देवासचे मराठे महाराज राहिले, त्यांच्या दरबारात हा कादंबरीकार १९२१ मध्ये खाजगी चिटणीस होता आणि संस्थानाचा खजिना कसा रिकामा होत होता हे त्याने जवळून पाहिलं. तो पुढचा भाग. तोवर घरी कुणाकडे सागर सम्राटवाली १ ची नोट असेल तर फोटो पाठवा. देवघरात दक्षिणेच्या डबीत शोधा, तिथे हमखास असते.